घटपर्णीचा श्रावण

मी एका झाडाला श्रावण पाळायला लावला होता. हसा खुशाल, आता मीही हसते. पण तेव्हा मी नुकतीच निवृत्त झालेली मुख्याध्यापिका होते, आणि आख्ख्या लोणावळ्यात आपल्याएवढी अक्कल कुणाला नाही याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

झाड सुनेचं. नवी नवरी म्हणून आली ती घटपर्णीची कुंडी मांडीवर घेऊनच. पानांच्या टोकांना सुरईसारखे पेले लोंबतात, वर इवलंसं झाकण, आत पाणी. माशी काठावर येते, घसरते, आणि झाड तिला सावकाश पचवतं. सुनेनं बोटाएवढ्या रोपापासून वाढवलेलं. आमच्या धुक्यात कपडे वाळत नाहीत, पण या बयेला ते असं मानवलं की महिन्याभरात खिडकी पेल्यांनी भरली.

सून मासे खाणाऱ्या घरातली. लग्न ठरतानाच मी बजावलं होतं, “आमच्या स्वयंपाकघरात ते चालणार नाही हं.” तिनं मान हलवली. ती हललेली मान मी गावभर मिरवली, वर “सून नाही, मुलगीच” असंही म्हणायची. ती मुकाट दुधी भोपळा खायची, आणि तिला तो आवडतो असं मी जाहीर करून टाकलं होतं.

श्रावणात पहिल्या मंगळागौरीला ती माहेरी निघाली. जाताना म्हणाली, “आई, हिला फक्त पावसाचं पाणी घाला. खाण्याचं तिचं ती बघते.”

इतकी सोपी गोष्ट करायची तर मग शहाणपण कुठं वापरायचं? शुक्रवारची कहाणी वाचत होते, तेवढ्यात समोर एक माशी पेल्यात गडप झाली. माझ्या घरात! श्रावणात! पोथी मिटली आणि देवघरातला वातीचा कापूस आणला. पण उपाशी तरी कसं ठेवायचं? मी काय तशी सासू आहे? म्हणून आधी पंचामृताच्या पळीनं प्रत्येक पेल्यात साखर घातलेलं दूध ओतलं, मग बोळे कोंबले. सोमवारी उपास म्हणून बोळे काढून साबुदाण्याचा एकेक दाणासुद्धा टाकला, वर पुन्हा थोडं दूध.

टाकव्याहून येणारा दूधवाला दारातून बघत होता. “मावशी, झाडाला दूध पाजताय व्हय? मंग म्हशीला काय, खत घालू?”

“तुला नाही कळायचं,” मी म्हणाले. कळायला मलाही काही कळत नव्हतं, पण आवाज मुख्याध्यापिकेचा होता.

पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू. पेले काळे पडून गळायला लागले होते आणि घरभर असा वास सुटला होता की बायका पदर नाकाला लावून वाण घेत होत्या. “अगं, कुठं उंदीर मेलाय का?” एकीनं विचारलं.

“शेजारच्या बंगल्यातले मुंबईवाले कचरा टाकून जातात,” मी बेधडक सांगितलं. झाडानं ज्या माश्या खायच्या त्या तोवर गूळफुटाण्यांवर येऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी सून आली. बॅग दारातच ठेवून खिडकीशी गेली. एक बोळा ओढून काढला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर मी सवाई ओरडले असते. त्यात माझा हात कुणी धरला नसता. ती ओरडली नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली आणि कात्रीनं सडलेला एकेक पेला कापू लागली. मध्येच तिनं मनगटानं डोळे पुसले, बोटं घाण झाली होती म्हणून. शेवटी नुसती पानं उरली.

मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. तोंडाळ मी, पण त्या दिवशी माझ्याही तोंडून जेमतेम निघालं, “जगेल का गं?”

तिनं कागदाची पुरचुंडी बांधली, हात धुतले, पदराला नाही, टॉवेलला पुसले आणि म्हणाली, “झाड जगेल, आई. नवे पेले येतील. पण श्रावण संपला की रविवारी मी मासे करणार, ह्याच ओट्यावर. तुमचा वरणभात आधी लावून ठेवीन.”