‘बराबर’ म्हणजे घड्याळ

काल ट्रंकेतली काळी मखमली पट्टी उन्हात टाकली, तर तिला अजून हिन्याच्या अत्तराचा वास येत होता. त्या वासासरशी मला जांबची जत्रा आठवली.

ती पट्टी डोळ्यांवर बांधून मी खुर्चीत बसायची. आमचे हे लोकांतून फिरत, कुणाची तरी वस्तू हातात घेऊन मला विचारत. वस्तूचं नाव त्यांच्या पहिल्या शब्दात लपलेलं असे. ‘जल्दी’ म्हणजे अंगठी, ‘बराबर’ म्हणजे घड्याळ. असे कितीतरी शब्द मला पाठ होते. लोकांना ती जादू वाटे.

त्या दिवशी तहसीलदारसाहेब पुढंच बसले होते. ते खूश झाले तर हैदराबादचं बोलावणं येणार होतं. मला ते नको होतं. गावोगाव फिरून जीव विटला होता, एका जागी चूल मांडायची होती.

“बराबर सांग, साहेबांचं काय हाय माझ्या हातात?”

“अंगठी,” मी म्हणाले.

लोक फिदीफिदी हसले. “बाई झोपली का रं?” कुणीतरी ओरडलं.

माझी पट्टी सोडता सोडता ह्यांनी हळूच विचारलं, “माझ्याच तोंडून चुकीचा शब्द गेला का गं?”

“हो,” मी म्हणाले.

खेळ तिथंच संपला. वडीगोद्रीला दुकान टाकलं, संसार झाला. त्यांचा मात्र स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उठला, तो शेवटपर्यंत. दुकानाला कुलूप लावून निघाले तरी अर्ध्या वाटेत थांबत.

“लावलं का गं मी?”

“लावलंत,” मी म्हणायची. तेवढं एक त्यांना मी खरं सांगत आले.