वानखेड्यांची पाटी

वानखेड्यांना गाडीत घेतलं की ऑफिसला उशीर ठरलेलाच. इथे जर्मनीत, गेर्लिंगेनच्या ऑफिसच्या वाटेवर रस्त्याकडेला इतिहासाची पाटी दिसली, की या गृहस्थांचा हात सीटबेल्टकडे जायचा. "थांबा न ताई! कोणी एवढं लिहून ठेवलं, काहून न वाचता जायचं?" मग थंडीवाऱ्यात उभं राहून जुनी पाणचक्की, जकातनाका, कुठल्याशा सरदाराची पडकी गढी, सगळं वाचायचं आणि परत येऊन मला मराठीत सांगायचं. मी हीटर लावून चरफडत बसलेली असायचे.

ते मूळचे अमरावतीकडचे. आमच्या टीममध्ये टेस्टिंग बघायचे, आणि पाटी वाचतानाही डोळा तोच. "पूल राजानं बांधला म्हणते. राजा दगड उचलत होता काय?" मला हसू यायचं. एकदा मात्र ते स्वतः हसले नाहीत. त्यांचे आजोबा दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना गेले होते. "त्या रस्त्यावर कोनशिला आहे. उद्घाटनाच्या साहेबाचं नाव आहे, ठेकेदाराचं आहे. आजोबाचं नाही. मी लहानपणी दगडाच्या मागून बी पाहिलं होतं." त्यांनी हे सहज सांगितलं.

ते राहायचे त्या खेड्यात शेताच्या बांधावर गुडघाभर उंचीचा दगडी क्रूस होता. मला ती कबरच वाटली होती. वानखेड्यांनी सांगितलं, की पूर्वी इकडे कुणाच्या हातून माणूस मेला, तर मारणाऱ्यानेच मेलेल्यासाठी असा दगड उभारायचा. शिक्षेचाच तो भाग. गावच्या इतिहास मंडळाचे ते एकटेच भारतीय सभासद होते. मंडळाने क्रूसाजवळ पाटी लावायचं ठरवलं आणि मजकूरही तयार केला: दोन मेंढपाळ पावाच्या तुकड्यावरून भांडले आणि एकाने दुसऱ्याला ठार केलं. गोष्ट झकास होती, आधार मात्र काहीच नव्हता.

वानखेडे अडून बसले. हिवाळाभर त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठलं, चर्चमधली जुनी दप्तरं उपसली. मेलेल्याचं नाव काही मिळालं नाही. मग त्यांनी मंडळाला सांगितलं, की पावाची गोष्ट काढा, नाव माहीत नाही असं सरळ लिहा आणि नावासाठी एक ओळ कोरी सोडा.

मंडळाचे अध्यक्ष हेर क्राउस, म्हणजे क्राउससाहेब, वैतागले. "हे बघा, हेर वानखेडे, कोरी ओळ वाचायला कोण थांबणार?"

"मी थांबेन," वानखेडे म्हणाले.

निर्णय व्हायच्या आतच कंपनीने त्यांचं काम पुण्याला हलवलं. विमानतळावर बॅगांचं वजन जास्त भरलं होतं, वहिनी लोणच्याच्या बरण्या बाहेर काढत होत्या, आणि वानखेड्यांना काळजी भलतीच. "ताई, ते पावाचं लिहू देऊ नका. मेला त्याले उगाच भांडखोर कशाले ठरवायचं? त्याच्याकडून बोलणारं कोणीच नाही."

मग मी गेले मंडळाच्या सभेला. मोडक्या जर्मनमध्ये मला इतिहास कुठला सांगता येणार? मी फक्त खडी फोडणाऱ्या आजोबांविषयी आणि त्या कोनशिलेविषयी सांगितलं. हेर क्राउसनी चष्मा पुसला आणि सभेतला पुढचा विषय घेतला. मी निराश होऊनच घरी आले.

उन्हाळ्यात मुलीला घेऊन त्या रस्त्याने जात होते. बांधावर नवी पाटी दिसली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मेंढपाळ नव्हते, पावही नव्हता. मी लेकीला मराठीत वाचून दाखवलं, "इथे एका माणसाचा जीव घेतला गेला. त्याचं नाव आम्हाला सापडलेलं नाही. सापडलं, तर इथे लिहू." खाली एक ओळ कोरी होती.

"ममा, दा फेल्ट वास," लेक जर्मनमध्ये म्हणाली. काहीतरी राहिलंय, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

मी तिथूनच वानखेड्यांना फोटो पाठवला. पुण्यात तेव्हा संध्याकाळ असणार. त्यांचं उत्तर लगेच आलं: "लई चांगलं झालं ताई. एकदा मागून बी पाहून घ्या."

मी लेकीचा हात धरला आणि पाटीच्या मागे जाऊन पाहिलं.