दुसऱ्या उकळीचा चहा

हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी चहा करते. मूर्तींचे डोळे आखणाऱ्या कारागिरांना दुधाचा चहा, आणि मूर्ती घासणाऱ्या बायकांना कोरा. कोऱ्यासाठी नवी पूड घ्यायची नाही, गाळलेलीच परत उकळायची, असं मालकीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

घासणाऱ्यांत निडी गावाहून येणारी एक म्हातारी आहे. तिचं नाव विचारायचा मला धीर झाला नाही. पॉलिश पेपर धरून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. गरम पेला ती पदर न लावता उचलते.

एकदा घोट घेऊन ती हळूच म्हणाली, "पूड परत उकळलीस ना गो?"

मी तिच्या शेजारणीचा पेला भरायला घेतला.

"बोटांना चटका कळत नाय आता. पण जीभ हाय माझी अजून."

दुसऱ्या दिवशी मी नव्या पुडीचा डबा काढला. मालकीणबाईंनी दारातूनच विचारलं, "तो कशाला काढलास?" मी डबा परत ठेवून दिला.

म्हातारीने पेला घेतला, माझ्या हातातल्या दुधाच्या चहाकडे बघितलं आणि आपला कोरा सगळा प्यायली. मीही माझा संपवला.

आता पेला देताना मी तिच्या बोटांकडे बघते, तोंडाकडे नाही.