दुपारपर्यंत आत्या नाही

सकाळपासून हवा ओली होती. गल्लीचं टोक धुक्यात गेलेलं. अशा हवेत पीठ दगडाला धरतं, म्हणून आत्याने पहाटेच गिरणीचा दगड उघडून छिन्नीने टाकी मारली, कापडी नळी झटकली, पट्ट्याचा ताण बोटाने दाबून पाहिला. मग भाचीला म्हणाली, "आता मी मेले असं समज."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस गं!"

"दुपारपर्यंतच. एकटीने चालवून दाखव. मी बोलणार नाही, बोटसुद्धा दाखवणार नाही. जमलं तर वर्षभरात गिरणी तुझी. नाही जमलं तर विकून मोकळी होते."

"आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. तू फुकटात बघायला निघालीस."

आत्या हसली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा याच दगडापाशी गेला. काही सांगूनसवरून नाही, गिरणीची सगळी विद्या पोटात घेऊन गेला. ती तेव्हा मागे कपडे पिळत होती. एकाएकी घरघर चिरकली. वरच्या नसराळ्यातलं धान्य संपलं की दगड दगडाला खातो, तो तसा ओरडतो. 'डोळा लागला वाटतं,' म्हणत तिने हातातली चादर पिळली, वाळत घातली आणि मग आली. तो पोत्यांवर पडलेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

ते चिरकणं तिच्या कानातून गेलंच नाही. त्यानंतर तिने एकदाही दगड मोकळा फिरू दिला नव्हता. भाचीला सगळं शिकवलं, पण ऐकणं कसं शिकवणार? आणि हिची तर जीभ दगडापेक्षा जोरात चालायची.

पहिले आले ते निवृत्त मास्तर. "मावशी कुठंयत?"

"नाहीत."

"अगं, त्या काय बसल्यात!"

"बसल्यात, पण नाहीत."

मास्तरांनी चष्म्यातून एकदा पाहिलं आणि डबा पुढे केला. पुढच्या दोघांनीही विचारलं. मग कुणी विचारेना. इतक्या लवकर विचारेनासे होतात, हे आत्याला ठाऊक नव्हतं.

दुपार जवळ आली तेव्हा लाँड्रीवाली सासूची नक्कल करून दाखवत होती आणि भाची दगडाकडे पाठ करून खिदळत होती. नसराळं रिकामं होत आलं. घरघर पातळ झाली. आत्याच्या ओठावर 'अगं' आलं, तिने गिळलं. आजही आपण ऐकतोय आणि बसून आहोत! वचन गेलं खड्ड्यात, म्हणून ती उठली.

ती पुरती उभी राहायच्या आत भाचीने मान न वळवता हात मागे नेला, चाक फिरवून दगड सैल केला आणि पुढचा डबा उचलला. दगड ओरडलाच नाही.

"ऐकू आलं तुला?"

"या गोंगाटात? छे. पायाखाली फरशीची थरथर हलकी लागली. म्हणून तर चपला दाराशी काढते. त्यावरून तू रोज डोकं खातेस."

आत्या वळली. मग मीटरच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. हलत्या माणसाच्या अंगावरून पीठ झडतं, बसल्यावर साचतं. केस, भुवया, ओठ, सगळं पांढरं. बारा वर्षांनी नवऱ्याचा तो चेहरा पुन्हा तिच्याकडे बघत होता. तिने तो पुसला नाही.

"सोमवारी वकिलाकडे जाऊ," ती काचेलाच म्हणाली आणि केरसुणी घेतली.

"आत्या, अजून दुपार व्हायचीय. मेलेली माणसं केर काढत नाहीत."

"मग काय तुझा बाप काढणार? माझाच भाऊ तो, जन्मात केरसुणी धरली नाही त्याने."

तिने चपला काढून दाराशी सरकवल्या आणि स्टुलाखालून झाडायला घेतलं.