रुमालाआडचं वेब पेज

"तोंडावर रुमाल टाकल्याबिगर माझा गणपती हमरापूरच्या बाहेर जायचा नाय," बबनकाका म्हणाले आणि माझ्या टेबलावरचे फोटो उचलून त्यांनी पिशवीत घातले.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी पेणला कॉम्प्युटर क्लास चालवत होते आणि नुकतीच वेब पेजेस बनवायला लागले होते. काका हमरापूरचे मूर्तिकार. कॅनडातल्या एका मराठी मंडळाला गणपती हवे होते. जहाजाने माल जायचा म्हणून चौकशी शिमग्याच्याही आधी आलेली. मंडळाच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं होतं, "मूर्तींचे फोटो इंटरनेटवर टाका. रविवारी मीटिंग आहे, सगळे मिळून बघू आणि ठरवू." पोस्टाने फोटो पोचेपर्यंत मीटिंग कधीच आटोपली असती.

काकांचा जीव मात्र ऑर्डरपेक्षा मुलात अडकला होता. महेश आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. सीझन संपला की हातावर हात ठेवून बसायला तो कंटाळला होता. रोह्याच्या एका कंपनीत त्याला शिफ्टची नोकरी मिळत होती. ही ऑर्डर आली तर थांबतो, नाहीतर सोमवारी जॉइन होतो, असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं होतं. आणि तरीही काका रुमालावर अडून बसले होते.

गणपती घरी नेताना आपण त्याचा चेहरा रुमालाने झाकतो. घरी पोचल्यावरच तो काढायचा. ही रीत मलाही माहीत होती. पण फोटोला कसला रुमाल?

"काका, पेपरात गणपतीचे फोटो येतात की!"

"ते बसवलेल्या गणपतीचे गो. ह्यो अजून जायचाय. तूच म्हणालीस ना, तारेतून थेट त्यांच्या घरात जातो म्हणून?"

"हो."

"मंग उघड्या तोंडाने कसा जाईल?"

"बाबा, गिऱ्हाईक तोंड बघूनच मूर्ती घेतो!" बरोबर आलेला महेश ओरडला.

खरं सांगते, मलाही राग आला होता. त्या रात्री जेवताना घास हातातच राहिला, कारण मला सुचलं की काका म्हणतायत ते ब्राउझरला सहज जमतं.

ब्राउझर म्हणजे वेब पेज उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. रोह्याच्या एका फॅक्टरीत मी वापरायचे तो नॅव्हिगेटर. कोपऱ्यात मोठं एन अक्षर, आणि पेज येत असलं की त्याच्या पाठीमागे तारे पडायचे. आज कुणी हसेल, पण ते तारे मी पापणी न लवता बघत बसायचे. रोह्यात बसून आपण दुसऱ्या खंडातलं पान मागवतोय, आणि ते येतंय! त्यात निळी, खाली रेघ मारलेली अक्षरं असायची, लिंक म्हणतात ती. बाण तिच्यावर नेला की त्याचा हात व्हायचा. क्लिक केलं की दुसरं पान. एवढी साधी गोष्ट ज्याने कुणी शोधली, त्याला माझा आजही नमस्कार आहे.

म्हणजे पहिल्या पानावर रुमाल टाकलेली मूर्ती. खाली लिंक: रुमाल काढा. आणि दुसऱ्या पानावर चेहरा.

काकांना सांगितलं. त्यांनी पिशवीतले फोटो पुन्हा बाहेर काढले. "रुमाल त्यांच्या घरी पोचल्यावर निघंल?"

"त्यांनी स्वतः काढला तरच निघेल."

"मंग हाय बरोबर."

पेणचं माझं कनेक्शन स्वस्तातलं. त्यावर फक्त अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. चित्रांचं कनेक्शन आणि स्कॅनर रोह्याला, मी जिथे कॉम्प्युटरच्या मेंटेनन्सला जायचे त्याच फॅक्टरीत. शनिवारी काका आणि मी एसटीने निघालो. काकांनी आधीचे फोटो आणि रुमाल टाकलेल्या मूर्तीचा नवा फोटो मांडीवर घट्ट धरले होते. अर्थातच रुमालात गुंडाळून.

तिथले साहेब तोंडाने फटकळ, मनाने चांगले. "लंच टाइम संपेपर्यंत मशिन तुमचं. मोडेम मुंबईला फोन लावतं, त्या एसटीडीच्या बिलाचं मला वर उत्तर द्यावं लागतं."

मी फोटो स्कॅन केले. ब्राउझरला तेव्हा मराठी अक्षरं कळत नसत, म्हणून 'रुमाल काढा' रोमन लिपीत लिहिलं. मोडेमने गळा काढला, लाइन दोनदा तुटली, फाइल्स एकदाच्या चढल्या. मग पेज उघडलं आणि माउस काकांच्या हातात दिला.

चेहऱ्याचं चित्र मी मुद्दाम एका खास पद्धतीने सेव्ह केलं होतं. ते वरून खाली उतरत नसे. आधी सगळं धूसर यायचं, मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट व्हायचं. काकांनी क्लिक केलं. आधी नुसते रंगाचे ठोकळे. मग मुकुट, सोंड. सगळं जागेवर आल्यावर शेवटी डोळ्यांच्या बारीक रेषा उमटल्या.

"ह्या मशिनचीबी आखणी शेवटालाच?" काका म्हणाले.

साहेबांचा डबा उघडाच राहिला होता. "पुन्हा एकदा दाखवा हो," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी महेश इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन क्लासमध्ये हजर. पाठोपाठ काका. मेल आली होती. मी मोठ्याने वाचली.

सेक्रेटरींनी लिहिलं होतं की सगळे त्यांच्याच घरी जमले होते. पहिल्या पानावर रुमाल दिसला. मग तो कुणी काढायचा यावर वाद झाला. शेवटी मंडळातल्या सर्वांत वयस्कर आजींच्या हातात माउस दिला. कुणीतरी 'मोरया' म्हटलं. "आमच्या मुलांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. डोळे दिसले तेव्हा आजी रडल्या. ऑर्डर पक्की समजा. प्रत्येक मूर्तीबरोबर रुमालही पाठवा."

महेशने स्क्रीनजवळ येऊन मेल स्वतः वाचली. मग मला विचारलं, "मॅडम, रोह्याची यष्टी गेली काय?"

"आत्ताच गेली."

"जाऊ द्या." त्याने बॅग टेबलाखाली सरकवली. काकांनी पाठ फिरवून उपरण्याने तोंड पुसलं.

मूर्ती वेळेवर पोचल्या. मी ते पेज येईल त्याला दाखवत सुटले होते. इतकं देखणं काम मी तोवर केलं नव्हतं. आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काका दारात उभे.

"त्यो फोटो काढ आता."

"का? राहू दे ना. पुढची गिऱ्हाइकं बघतील."

"विसर्जन झालं ना गो? मंग देव तिथं उघडा कशाला बसलाय?"

मी वाद घातला नाही. दोन्ही पानं पुसली आणि खात्रीसाठी पत्ता पुन्हा टाकला. पडद्यावर फक्त 'नॉट फाउंड' आलं. काकांना मी त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी पडद्याला हात जोडले. "पुढल्या वर्षी लवकर या."

एकदा बनवलेलं पेज वर्षानुवर्षं चालतं, असं मी तोवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. काकांना लागायचं दर वर्षी नवं पेज. धंद्याच्या हिशेबाने त्यांच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक मला नंतर मिळालं नाही.