चंदेरीचा पहिला दोर

काल उल्हासनगरच्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात एका मुलीने आल्प्सच्या पहिल्या चढायांचं पुस्तक उघडलं. साहेबांच्या पुढे दोर घेऊन चढणाऱ्या मेंढपाळाचं चित्र मी पाहिलं आणि मला घामाने ओल्या झालेल्या अंबाडीच्या दोराचा वास आला.

माझ्या पोरवयात बदलापूरजवळच्या चंदेरीच्या सुळक्यावर माझा मामा अनवाणी पुढे चढला होता, मागोमाग मी. शहरातले गिर्यारोहक खाली कपारीत अडकले होते. मी दोर धरून ओरडलो, "मामाचं नाव छापणार असाल तरच सोडतो!"

"गाढवा, माणसं करपतायत उन्हात," म्हणत मामाने दोर खाली टाकला. तेव्हा तो मला भोळा वाटला. आज वाटतं, तिथे शहाणा तोच होता.

त्या गिर्यारोहकांनी चढाईच्या वृत्तांतात छापलं फक्त 'स्थानिक वाटाड्या'. तो राग अजून उतरलेला नाही. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं.

"काका, तिकडे आल्प्समध्येही अशीच नावं गाळली होती. आता शोधून लिहितात," मुलगी म्हणाली आणि तिने वही काढली. "मामांचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं, आणि तिने लिहिलेलं मी दोनदा वाचून पाहिलं.