मोहाच्या मडक्यातलं पाणी

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. माझं उलट होतं. मला नाचता येत होतं, अंगणच कुणी देत नव्हतं.

मी नागभीडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नागपूरला इंटर सायन्स करून छोट्या रुळांच्या आगगाडीनं इकडे आले, तेव्हा ही महिन्याभरात परत येईल अशी घरच्यांची खात्री होती. मी गेले नाही. चांदा जिल्ह्याच्या या टोकाला धानाच्या बांध्या संपल्या की जंगल लागतं, आणि त्या जंगलातल्या गावांमधूनही मुली आमच्या शाळेत येत. आठवीपर्यंत मी त्यांना हवा, पाणी, उष्णता शिकवायची. नववी लागली की विज्ञान बंद. नववीच्या विज्ञानाला मंजुरी लागे, मंजुरीला प्रयोगशाळा लागे, आणि प्रयोगशाळा आमच्याकडे नव्हती. मुलग्यांचं फारसं अडत नसे. ते ब्रह्मपुरीला नाहीतर नागपूरला मामाकडे राहून शिकत. मुलींना कोण पाठवणार? त्यांनी गृहशास्त्र घ्यावं, पुरणपोळीचं साहित्य पाठ करावं, असं वरून ठरलं होतं. माझ्या वर्गातल्या कित्येकींच्या घरी पुरणपोळी कधी झालीच नव्हती.

रशियानं आकाशात गोळा सोडला त्या वर्षीची ही गोष्ट. राइस मिलवाल्याकडे गावातला एकुलता एक चांगला रेडिओ होता, तिथे संध्याकाळी ही गर्दी. ऐकून लोक माझ्याकडे येत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला रस्त्यात अडवून विचारलं, "बाई, तो गोळा आपल्या धानावर त नाई पडन ना?" मी शाळेच्या विहिरीवर त्याला नेलं आणि पाण्यानं भरलेली लहान बादली हात लांब करून गरगर फिरवली. थेंब सांडला नाही. "फिरत आहे तोवर पडत नाही भाऊ," मी म्हटलं. तो समाधानानं गेला. पण माझ्या मागे नववीतल्या मुली उभ्या होत्या. त्यातली एक, जंगलातल्या गावातली, मुद्द्याचं बोलणारी, म्हणाली, "बाई, आमाले हे काऊन नाई शिकवत?"

मला तिच्यावर नाही, स्वतःवर राग आला. मी काय उत्तर देणार होते? तुला शिकवायला काचेची नळी नाही म्हणून?

दिवाळीनंतर हेडमास्तरांनी बातमी आणली. नागपूरहून दोन शास्त्रज्ञ येणार होते. आसपासच्या शाळांतल्या विज्ञानशिक्षकांशी ते नव्या शोधांबद्दल आणि विज्ञान कसं शिकवावं याबद्दल बोलणार होते. सोबत शाळा-इन्स्पेक्टर. नववीच्या मंजुरीचा आमचा अर्ज याच इन्स्पेक्टरांच्या टेबलावर पडून होता. हेडमास्तर भला माणूस, पण भित्रा. "बाई, तुम्ही फक्त चहाचं पाहा," ते म्हणाले, "बाकी काही करू नका."

चहाचं पाहायला मी इंटर सायन्स केलं नव्हतं. रविवारी मी त्या मुद्द्याचं बोलणाऱ्या मुलीच्या गावी गेले. तिच्या आईकडे मोहाची दारू गाळायची मडकी होती. जंगलातल्या त्या आदिवासी लोकांत लग्नाला, मरणाला, देवाला मोह लागतोच, पहिली धार पूर्वजांच्या नावानं जमिनीवर सांडतात. एक मडकं चुलीवर, दुसरं गार पाण्यात, दोहोंच्या मध्ये बांबूची पोकळ नळी. पुस्तकात ऊर्ध्वपातनाचं जे चित्र होतं ते हेच, फक्त तिथे काच होती.

"मडकी काहाले पायजे बाई?" आईनं विचारलं.

"तळ्याचं, बोडीचं गढूळ पाणी उकळून स्वच्छ पाणी काढायचं आहे."

"पाणी टाकाचं अन् पाणीच काढाचं?" ती पोट धरून हसली. "मंग येवढा खटाटोप कायले?" तरी तिनं दोन्ही मडकी राखेनं घासघासून दिली, नळी पाण्यानं विसळून दिली. पोरीचं शिक्षण या मडक्यांवर अडलंय हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिचं हसू थांबलं. "जपून आणा परत," एवढंच म्हणाली.

बैठकीच्या दिवशी व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. थोरले शास्त्रज्ञ भौतिकीचे, परदेशात शिकून आलेले. धाकटे वनस्पतिशास्त्राचे. थोरल्यांनी गोळ्याबद्दल सुरेख सांगितलं, ते मी नाकारणार नाही. सावली गावाहून आलेल्या मास्तरांनी विचारलं, आता म्हणे कुत्रीपण पाठवली, ती खाली कशी येणार? थोरले म्हणाले, "ती परत येणार नाही." त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, म्हणून मला तो माणूस आवडला.

मग शिक्षणाचा विषय निघाला आणि त्यांनी सगळं घालवलं. म्हणाले, "तुमच्या भागात प्रयोगशाळा नाहीत. तिथे भौतिकी-रसायन अर्धवट शिकवण्यापेक्षा शेती आणि निसर्गपरिचय शिकवा. अर्धवट विज्ञान धोक्याचं." इन्स्पेक्टरांनी जोरात मान हलवली. सगळे मास्तर सतरंजीकडे पाहू लागले.

मी उठले. हेडमास्तरांनी डोळ्यांनी "बसा, बसा" केलं. मी म्हटलं, "साहेब, आमच्या मुलींना आकाशात कुत्री गेली ते कळावं, पण ती का खाली पडत नाही ते कळू नये, असं म्हणता? मग ती बातमी त्यांच्यासाठी भुताची गोष्ट झाली. तुम्ही भुताच्या गोष्टी सांगायला आलात का?"

"बाई!" इन्स्पेक्टर ओरडले.

"प्रयोगशाळा बघायची असेल तर मागे चला," मी म्हटलं, आणि कुणाची वाट न पाहता चालू लागले. सगळे मागून आले. तमाशा कुणाला नको असतो?

मागच्या पडवीत मी आधीच मांडामांड करून ठेवली होती. चुलीवरच्या मडक्यात बोडीचं पिवळट पाणी, सांधे चिखलानं लिंपलेले, नळीचं टोक गार पाण्यात ठेवलेल्या मडक्यात. पाणी उकळलं, थेंब पडू लागले. मी ते पेल्यात काढलं. आरशासारखं स्वच्छ पाणी. मास्तर मंडळी पुढे सरकली. माझी छाती फुगली होती. तेवढ्यात वास आला.

त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या भागात लहान पोरालाही तो कळतो. मोह! पडवीभर मोह! सावलीचे मास्तर तोंडावर उपरणं धरून हसू लागले. हेडमास्तरांना घाम फुटला.

"ही हातभट्टी आहे!" इन्स्पेक्टर म्हणाले. "शाळेत! मुलींना दारू गाळायला शिकवता?"

"त्यांना ते घरीच येतं," मी म्हटलं. "मी वाफेचं पाणी कसं होतं ते शिकवते." मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. मी पेला थोरल्या शास्त्रज्ञांसमोर धरला. "मी मडक्यात पाणीच टाकलं होतं. मग वास कुठून आला? सांगा."

आणि तो माणूस, परदेशात शिकलेला, धोतराचा सोगा सावरून चुलीपुढे उकिडवा बसला. पेला हुंगला, मडकं हुंगलं. "मडक्यातून," म्हणाले. "मातीला बारीक छिद्रं असतात. राखेनं घासून वरचं जातं, आतलं जात नाही."

"मला नळीचा संशय आहे," मी म्हटलं. "मडकं घासलं जातं. नळीच्या आत हात कुणाचा जातो?"

"दोन्हीतून," धाकटे म्हणाले.

"दोन्ही म्हणजे उत्तर नाही!" थोरले त्यांच्यावर खेकसले. सावलीचे मास्तरही मध्ये पडले. पाच मिनिटांपूर्वी सतरंजीकडे पाहणारी माणसं वाफेवरून भांडत होती. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत सुंदर भांडण.

इन्स्पेक्टरांनी ते मोडलं. मला बाजूला घेतलं आणि हळू, जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "ही मडकी आत्ता इथे फोडा. पुन्हा असं करणार नाही म्हणा. तुमच्या नववीच्या अर्जावर मी चांगला शेरा देतो."

हेडमास्तर काठी घेऊन उभेच होते. आणि मी एक क्षण, हो, एक क्षण विचार केला. मंजुरी म्हणजे सगळंच होतं. मग मला त्या आईचं "जपून आणा परत" आठवलं.

"मडकी माझी नाहीत," मी म्हटलं. "आणि ही फोडली तर मंजुरी घेऊन मी शिकवू कशानं?"

मी शास्त्रज्ञांकडे वळले. "साहेब, हे विज्ञान आहे की नाही? हो की नाही, एवढंच."

त्यांनी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं, मग पेल्याकडे. "आहे," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी असेल," इन्स्पेक्टर म्हणाले. "माझ्याकडे प्रयोगशाळा म्हणजे प्रयोगशाळा." चहा न घेता ते निघाले. अर्ज नामंजूर होणार हे तिथेच सगळ्यांना कळलं. झालाही. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला." मी मडकी धुवायला घेतली.

पुढच्या सोमवारी शाळेच्या घंटेआधी एक तास मी पडवीत नववीचं विज्ञान सुरू केलं. मंजुरी नाही, वेळापत्रकात नाव नाही. हेडमास्तरांना मी सांगून टाकलं, की त्यांनी घंटेनंतर यावं, म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही असं होईल. ते खरोखरच घंटेनंतर येऊ लागले.

पहिल्या दिवशी मुली आल्या त्या डोक्यावर मडकी घेऊन. प्रत्येकीनं घरून काही ना काही आणलं होतं. ती मुद्द्याचं बोलणारी सर्वांत शेवटी आली. आईला परत केलेली दोन्ही मडकी तिच्याकडे होती, आणि काखेत हिरव्या बांबूची नुकती तोडलेली नळी.

"आईनं धाडली," ती म्हणाली. "म्हणे, मडके तेच घ्या, नळी कोरी घ्या. मंग समजन."

आम्ही बोडीचं पाणी उकळलं. पेला हातोहात फिरला, प्रत्येकीनं हुंगला, मग मी हुंगला. त्याच दुपारी मी नागपूरच्या थोरल्या शास्त्रज्ञांना कार्ड टाकलं: "मडकी तीच. नळी नवी. वास नाही. नववीचा वर्ग सुरू आहे."